शुक्रवारी उतरणारी बॅटरी

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४

आज जीप सुरू झाली. उन्हाळ्यापासून गोठ्यात म्हशीशेजारी उभी होती. हे वैशाखात काविळीनं गेले, तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. पावसाळ्यात आमच्या रिठदचा रस्ता तसाही चिखलाचा, म्हणून निभलं. आता दिवाळी झाली, कापूस निघतोय, रिसोडला जाणारी माणसं एसटीची वाट बघून कंटाळतात. हेमसिंगला निरोप धाडला. तो ह्यांच्या वेळचा ड्रायव्हर, जवळच्या तांड्यावर राहतो. सायकलवर आला, देवमन मिस्त्रीकडून बॅटरी भरून आणली, आणि दुपारी गाडी खोकत खोकत एकदाची बोलली.

रामराव, थोरले चुलत दीर, ओसरीवर बसून सगळं बघत होते. "केशर, बाईमानसाचं काम नोहे हे. डायवर लुटते, मिस्त्री लुटते. गाडी मले दे अन् तुमी दोघी माया घरी राहा. दोन घास का जड हायेत आमाले?" घास जड नसतात, ते मोजणारे डोळे जड असतात. जीप चालली तर मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या चुलीवर आमची भाकर खाऊ. नाही चालली तर रामरावांच्या ओसरीवर. तेव्हा ठरवलं, कोणावर विश्वास ठेवायचा नाही आणि जे दिसेल ते लिहायचं.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. गाडीत समोर दत्ताची तसबीर आहे, कारंज्याहून आणलेली, आणि तिच्यापुढे ह्यांनी स्वतः बसवलेला लाल बल्ब. गुरुवारचा उपास ह्या माणसानं कधी चुकवला नाही. दिवेलागणीला गाडीत जाऊन बल्ब लावायचे, मगच तोंडात घास. देवानं काय दिलं? कावीळ. घरातली दत्ताची तसबीर मी पेटीत घातली आणि आत्याबाईंना सांगितलं, ह्या घरात आता गुरुवार नाही. त्या गप्प बसल्या. सासू असून गप्प बसल्या, हे मला अजून पटलेलं नाही. हेमसिंगला म्हटलं, गाडीतलीही काढ. तर म्हणे, "राहू द्या वयनी, पॅसिंजर पाया पडतेत." राहिली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चार दिवस गाडी नीट. सकाळच्या पहिल्या खेपेला शाळेचे मास्तर आणि भाजीवाल्या बाया ठरलेल्या. हेमसिंग संध्याकाळी गाडी गोठ्यात लावतो, किल्ली माझ्या हातात देतो आणि अंधार पडायच्या आत तांड्यावर जातो. किल्ली देताना डोळ्याला डोळा देत नाही. ह्यांच्या देखत असा नव्हता.

आत्याबाई म्हशीला बघायला गोठ्यात गेल्या होत्या, बराच वेळ आल्या नाहीत. त्यांना आता धड दिसत नाही. म्हटलं पडल्या की काय. आल्या तेव्हा म्हणाल्या, "म्हैस पान्हावत नाई वं." म्हैस तर भाकड आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

गाडी मेली. हेमसिंगनं किल्ली फिरवली, तर आतून नुसतं कुरकुर झालं आणि थांबलं.

"बॅटरी उतरली, वयनी."

"काहून उतरली? काल तं चांगली होती."

"आता मले काय मालूम."

मास्तरांनी, बायांनी, रस्त्यानं जाणाऱ्या चार रिकामटेकड्यांनी धक्का मारला. मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर गाडी एकदाची धरली. मास्तर उशिरा पोचले, एक बाई एसटीनं गेली. रामराव पारावरून सगळं बघत होते. हसत नव्हते, हे मी बघितलं. हसले असते तर बरं होतं.

रविवार, २४ नोव्हेंबर

देवमन मिस्त्रीकडे जाऊन आले. त्याचं दुकान रिसोडच्या स्टँडमागे. बाहेर बॅटऱ्यांची रांग, सगळ्या तारांनी एकमेकींना बांधलेल्या. माणूस पान खातो आणि बोलतो, दोन्ही एकदम. बॅटरीची झाकणं उघडून काचेच्या नळीनं आतलं पाणी ओढून बघितलं, सगळ्या कप्प्यांचं. म्हणाला, जुनी आहे पण मेलेली नाही.

"बाई, बॅटरी म्हंजे रांजन. डायनामो भरते, गाडी उपसते. सकाळी रांजन रिकामा दिसला तं तीनच गोष्टी. भरलंच कमी, नाईतं उपसलं जास्त, नाईतं रांजन फुटका. एकेकाले धरून पुसाचं. जो सुटला त्याले सोडून द्याचं."

मला हे पटलं. फक्त चौथी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, की रात्रीतून कोणी येऊन पाणी चोरत असेल. मी बोलले नाही. मिस्त्री आणि हेमसिंग एकमेकांना बिडी देतात.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पुन्हा. मधले सगळे दिवस ठणठणीत, आणि आज मेलेली.

आज मी डोळे उघडे ठेवले होते. हेमसिंग एरवी उन्हं अंगणात आली की येतो. आज झुंजुमुंजूलाच हजर. गोठ्याचं कवाड वाजलं म्हणून मी उठले, तर हा गाडीत वाकून समोरच्या पत्र्याखाली हात घालून बसलेला. मला बघून दचकला.

"काय करून राह्यला रे?"

"काई नाई वयनी. वायर ढिली वाटली."

"किल्ली माझ्याजवळ, अन् तुले वायर ढिली कशी वाटली?"

ह्यावर तो बूट बघायला लागला. मागच्या शुक्रवारीही लवकर आला होता, मला आत्ता आठवतंय. शुक्रवारीच गाडी मरते आणि शुक्रवारीच हा लवकर येतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

शनिवार, ३० नोव्हेंबर

गाडी घेऊन रिसोडला. मी स्वतः शेजारी उभी राहिले, दोघांना डोळ्यांनी बोलायची संधी द्यायची नाही म्हणून. देवमननं पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ताण बरोबर. बॅटरीच्या तोंडावरची हिरवी-पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्यानं धुतली. गाडी सुरू करून समोरचा काटा दाखवला. इंजिन वाढवलं की काटा भरतीच्या बाजूला सरकत होता. म्हणजे डायनामो सुटला. मग सगळं बंद करून बॅटरीची एक तार सोडवली आणि हळूच टेकवून बघितली. "गाडीत कुठं चोरून करंट जात असंन तं इथं ठिनगी पडते." पडली नाही. पुन्हा टेकवली. नाही.

"गाडीत चोर नाई बाई. चोर बाहीरचा."

हेमसिंग रस्त्याकडं तोंड करून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. मला आणखी काय पुरावा पाहिजे?

मंगळवार, ३ डिसेंबर

रामराव आले. म्हणाले, तांड्यावर भजनाला लाऊडस्पीकर लागतो म्हणतात, आणि लाऊडस्पीकर बॅटरीवर चालतो. "मी काई म्हनत नाई. तू समजदार हाय." न म्हणता एवढं म्हणतात.

मग मी विचार केला, हे मला सांगायला रामराव मुद्दाम का आले? गाडी बसली तर ती कोणाच्या अंगणात जाणार? मला आता दोघांचाही संशय येतो. आणि मिस्त्रीचा तर आहेच.

गुरुवार, ५ डिसेंबर

उद्या शुक्रवार. आज मी सापळा लावला. हेमसिंग गेल्यावर बॉनेटच्या दोन्ही कड्यांवर खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. बॉनेट कोणी उघडलं तर पट्टी फाटणार. बॅटरी बॉनेटखालीच असते, हवेतून काढता येत नाही.

परत येताना दारात आत्याबाई. हातात हळदीकुंकवाची वाटी. "कुठं निंघाल्या?" म्हटलं. "तुयसीपाशी." मी म्हटलं, अंधारात पडाल, लवकर या. तुळशीपाशी हळदीकुंकू दिवेलागणीला कोण वाहतं? म्हातारपणी माणसाला वेळकाळ राहत नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पट्ट्या शाबूत, बॅटरी मेलेली.

हेमसिंग आजही आधी आलेला. मी पट्ट्या दाखवल्या. तो बघत राहिला आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. हसू! म्हणजे मी किती खुळी, चोराला कडीची गरजच नाही. मी सरळ विचारलं, "शुक्रवारी लवकर काहून येतो?"

"मले नका इचारू वयनी."

"मग कोणाले विचारू?"

त्यानं घराच्या दाराकडं बघितलं. आत्याबाई उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. तो एवढंच म्हणाला, "गाडीतलं काई मी नेलं असंन तं माये हात झडतीन. बाकी मी सांगू शकत नाई."

सांगू शकत नाही म्हणजे सांगण्यासारखं आहे. मी मास्तर आणि बायांच्या देखत किल्ली मागून घेतली आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नको. सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही.

आत्याबाई जेवल्या नाहीत. "गरिबाचा तळतळाट घेऊ नोको केशर," एवढंच. सासू माझी, बाजू त्याची.

सोमवार, ९ डिसेंबर

दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून गाडी रामरावांचा माणूस चालवतो. पहिल्याच खेपेला एकदम सुरू. रामराव म्हणाले, "पाह्य, चोर गेला, चोरी गेली." मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. हेमसिंगनं ह्यांना काविळीत पाठीवर घेऊन गाडीत बसवलं होतं, ते सारखं आठवतं. पण आठवणीनं बॅटरी भरत नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी गाडी मेलेली. हेमसिंग तांड्यावर, किल्ली माझ्या उशाशी, आणि गाडी मेलेली. रामरावांच्या माणसानं हात वर केले. सगळ्यांनी ढकलत देवळाजवळच्या उतारापर्यंत नेली. मी स्वतः आत बसले होते, कोण कुठं हात लावतो ते बघायला. उतारावर इंजिन धरलं, फुरफुरलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत दत्तापुढचा लाल बल्ब हळूहळू लागला. आधी नुसता निखारा, मग इंजिन वाढलं तसा लख्ख. दिवसाउजेडी.

मोतीबाई भाजीवालीनं टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. "दत्त पावला वं माय!" मास्तरांनीसुद्धा टोपी सरळ केली.

मी वाकून बघितलं. बल्बचं बटण पत्र्याखाली आहे, हाताला लागतं, डोळ्याला दिसत नाही. ते चालू होतं. दत्त पावला असता तर त्याला बटण कशाला लागलं असतं?

तशीच गाडी देवमनकडे नेली. तो कपाळावर हात मारून हसला. "बाई, हा मागच्या लाइटचा मोठा बल्ब हाय, लाल रंगवलेला. तुमच्या मालकानं, उकंडरावनं, तार सरळ बॅटरीवरून घेतली, किल्लीचा संबंधच नाई. रातभर जळला तं जुनी बॅटरी पिऊन टाकते. मी तपासली तवा बटन बंद व्हतं, मंग ठिनगी कुठून पडंन?"

म्हणजे रात्री कोणीतरी लावतं, आणि सकाळी कोणीतरी बंद करत होतं. बंद करणारा कोण, ते मला कळलं. हात पत्र्याखाली, झुंजुमुंजूला. वायर ढिली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

पण लावतं कोण? रामराव गुरुवारी संध्याकाळी गाडी ठेवायला गोठ्यात आले होते. त्यांना ठाऊक असणार. गाडी बंद पडली की त्यांचंच फावतं. बोलायचं नाही. धरायचं.

गुरुवार, १९ डिसेंबर

हे लिहू की नको, असं झालंय.

दिवेलागणीच्या आधी मी गोठ्यात गेले आणि जीपच्या मागच्या बाकावर पोत्याआड बसले. हातात उलथणं होतं. रामराव आले तर काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. कवाड हळूच सरकलं. पायांचा आवाज नाही, भिंतीला हात घासत येणारा आवाज. आत्याबाई.

त्यांनी गाडीचं दार चाचपून उघडलं. पदरानं ह्यांची बसायची जागा पुसली, सगळी, कोपऱ्यांसकट. मग पत्र्याखाली हात घातला. लाल उजेड पडला. वाटीतलं कुंकू तसबिरीला लावलं, काचेवर इकडं तिकडं लागलं.

"उकंडा, दिवा लावला रे बाप्पा. आज उपास व्हता तुया, मी धरला." त्यांनी हात जोडले. "केशरवर राग नोको धरू. तिचा जीव जळते, म्हनून देवाले बोलते. अन् तिले अक्कल दे. हेमसिंगनं काई नेलं नाई. त्याले मीच तुई शपथ घातली, केशरले सांगू नोको म्हनून. तो पोट्टा शपथ पाळून राह्यला."

बटण बंद न करताच त्या निघाल्या. दारातून मागं वळून म्हणाल्या, "जळ रे सावकाश. तेल सरलं का आपल्यानं इझशीन." हातानं दिवा मालवायचा नसतो ना. आत्याबाईंना वाटतं, ह्यातही तेल आहे. सकाळी विझलेलाच दिसतो, मग खोटं कसं वाटावं? ह्या दिव्यानं गाडी मरते, हे त्यांच्या गावीही नाही.

पाठोपाठची तीन लेकरं गेल्यावर हे झाले. जगावं म्हणून जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. ते मला लग्नातच सांगितलं होतं त्यांनी. आणि मी त्या बाईला म्हणाले, ह्या घरात गुरुवार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मी चोर शोधत होते.

मी खूप रडले. हे गेले तेव्हासुद्धा लोकांच्या देखत एवढं रडता आलं नव्हतं. मग बटणाकडं हात नेला. उद्याची पहिली खेप, मास्तर, बाया, रामरावांचं तोंड, सगळं डोळ्यापुढं आलं. बंद करणं एका बोटाचं काम होतं. माझ्यानं झालं नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

गाडी अर्थातच मेलेली. मी कोणाला धक्का मारायला बोलावलं नाही. "आज जीप बंद," एवढंच सांगितलं. रामराव म्हणाले, "आता तरी इचार कर." मी म्हटलं, केला. आणि चालत तांड्यावर गेले.

हेमसिंग खाट विणत होता. उठला, पाणी दिलं, पण बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच सांगितलं की काल मी गोठ्यात होते, बघितलं सगळं. त्यानं सुतळी ओढून घट्ट केली.

"चार लोकाइत तुमी मले चोर केलं, वयनी."

"केलं."

"माया बायकोले पान्यावर बाया इचारतेत."

चुकलं म्हटलं. एवढ्यानं काही भागत नाही, हे मलाही कळत होतं. मग मी विचारलं, शपथ माझ्यापुरती होती, मग आत्याबाईंना का नाही सांगितलं की बल्ब रात्रभर ठेवू नका?

"बुढीले का सांगू? तुया दिव्यानं तुया लेकराची गाडी मरते म्हनून? तिनं त्या दिशीच सोडला असता. मंग तिच्यापाशी राह्यते काय?" त्यानं गाठ मारली. "मले वाटलं, एक दिस धक्का मारू. हप्त्यातून एकच दिस तं हाय."

"माझ्यासोबत रिसोडले येतो? तुझ्या बायकोले पण घेऊ. भर बाजारात गाडीतून उतरू, किल्ली तुझ्या हातात."

तो हो म्हणाला नाही. पण सायकलला हवा भरायला लागला.

रविवार, २२ डिसेंबर

तसंच केलं. पारापाशी गाडी थांबवून मी मोठ्यानं सांगितलं, "हेमसिंगनं काही नेलं नव्हतं. चूक माझी होती." रामरावांनी विचारलं, "मंग चोर कोन व्हता?" मी म्हटलं, गाडीतच बिघाड होता. आता खोटं बोलायची पाळी माझी.

देवमनला म्हटलं, भंगारातली एखादी बॅटरी दे, एक बल्ब रात्रभर जळेल एवढीच. ह्या बल्बची तार गाडीच्या बॅटरीवरून काढ आणि तिला लाव.

"पन कायले?"

"तू म्हणाला होता ना, जो सुटला त्याले सोडून द्याचं. मी सुटले. मला विचारू नको."

तो पान चघळत माझ्याकडं संशयानं बघत राहिला. फार बरं वाटलं.

गुरुवार, २६ डिसेंबर

जुनी बॅटरी गोठ्यात फळीवर ठेवली आहे, म्हशीपासून लांब. हेमसिंग संध्याकाळी गाडी लावली की तार तिला अडकवतो. देवाशी माझं अजून जमलेलं नाही. ते जमेल असंही वाटत नाही. तरी आज दिवेलागणीला पाय आपोआप गोठ्याकडं वळले. जागा पुसली, कोपऱ्यांसकट. बटण दाबलं. थोडा वेळ बसले त्यांच्या जागेवर, आणि चुलीपाशी येऊन भाकरी थापायला लागले.

आत्याबाई वाटी घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. दारातच उभ्या.

"केशर, गोठ्यात दिवा लागला हाय."

"हेमसिंग विसरला असंल."

"हेमसिंग लावत नाई. त्याले शपथ हाय."

"मग रामराव आले असतील."

"रामराव देवाले बी फुकट हात जोडत नाई." त्या भिंतीला धरून आत आल्या, माझ्याजवळ टेकल्या. "म्हशीले हात नाईत. मी तं लावला नाई. राह्यली कोन?"

मी तव्यावरची भाकर उलटली. त्यांनी चाचपून माझा पिठाचा हात धरला, उघडला आणि त्यात गुळाचा खडा ठेवला.

"गुरुवारचा हाय. खाय."

गुळाला कुंकू लागलं होतं. मी खाल्ला.